मातीला पान्हा फुटत नाही

॥ श्री धावीर महाराज प्रसन्न ॥

अष्टमी, रोहा
९ जून २०२५

सौ. इंदुबाई विहीणबाईंस,
काशीबाईचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम कळवावं असं लिहायची रीत आहे, पण मला नुसतं क्षेम नको. खरं काय ते कळवा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरी फोन वाजला की आधी जावईबापू उचलतात, मग अनिता, मग तुम्ही, आणि मागे मूर्तींच्या कारखान्यातल्या बायका कान टवकारून बसलेल्या. शिवाय फोनवर बोललेलं उद्या कुणी नाकारलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? सुकी मासळी विकण्यात माझा जन्म गेला. तागडी डोळ्यांसमोर आल्याशिवाय मी कुणाचा शब्द घेत नाही. म्हणून कागदावर विचारते, तुम्हीही कागदावरच सांगा. टेम्पोवाला जनू इथल्या लोकांचे गणपतीचे पाट घेऊन तुमच्याकडे येतोच आहे, त्याच्या हाती हे देते.

गेल्या आठवड्यात अनिताने सांगितलं की ती तिच्या नणंदेचं, म्हणजे तुमच्या किमयाचं, बाळ आपल्या पोटात वाढवणार. मी आधी हसले. मग कळलं की पोरगी थट्टा करत नाही. किमयाचं पहिलं बाळ गेलं, रक्त थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली, हे सगळं मला ठाऊक आहे. तेव्हा तुमच्याइतकीच मीही रडले होते. पण विहीणबाई, लेक तुमची आणि पोट माझ्या लेकीचं, हे कसं काय ते मला नीट समजावून सांगा.

आता मनात आहे ते लिहिते. राग आला तरी लिहिणार. अनिता यंदा शिमग्याला माहेरी आली नाही, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची घाई आहे म्हणाली. एप्रिलात आली ती तोंड उतरवून. शेजारी बारसं होतं, तिथे पाळण्याला हातही न लावता परत आली. अंगाला तेल लावून देताना माझ्या हाताला तिच्या कमरेखाली गाठी लागल्या. इंजेक्शनच्या आहेत, अशक्तपणाच्या, असं म्हणाली. मी तेल लावत राहिले, पण विसरले नाही.

मला एवढं सांगा. पोटात घालतात ते काय घालतात आणि कसं? त्या खोलीत पुरुष कोण असतो? किमयाचा नवरा प्रविण तिथे असतो का? आणि तुम्ही साच्याची माणसं, म्हणून हेही विचारते. कुठलीही माती भरली तरी मूर्तीचा चेहरा साच्याचाच येतो. मग बाळाचा चेहरा माझ्या अनितासारखा आला तर ते कुणाचं म्हणायचं? आणि शेवटचं, माझी पोरगी हो म्हणते आहे की तिला हो म्हणायला लावलं आहे?

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा की नाही ते तुमचं उत्तर वाचून ठरवीन.

आपली,
काशीबाई

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

पेण
१५ जून २०२५

सौ. काशीबाई विहीणबाईंस,
इंदुबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पाटांच्या चळतीबरोबर मिळालं. वाचताना चौकीत जबानी द्यायला उभी आहे असंच वाटलं. लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा तुम्ही आमच्या विहिरीचं पाणीसुद्धा चाखून बघितलं होतंत. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं की पोरगी सोन्यासारखी आहे, पण आई कसोटीचा दगड आहे. असो. तुम्ही आई आहात, विचारणार नाही तर कोण विचारणार?

पोटात घालतात ते किमयाचं आणि प्रविणचं. किमयाची गर्भपिशवी गेली, पण बीजकोष शाबूत आहेत. तिला इंजेक्शनं देऊन तिची बीजं काढली. प्रविणचं बीज आणि ती काचेच्या बशीत एकत्र केली. त्यांतून गर्भ धरले ते थोडे दिवस तिथेच वाढवले आणि गोठवून ठेवले. आता अनिताला गोळ्या देतात. त्यांनी पिशवीचं अस्तर चांगलं जाड आणि मऊ झालं की एक गर्भ बारीक मऊ नळीतून आत ठेवतात. कापाकापी नाही, भूल नाही. डॉक्टरीणबाई, एक नर्स, गर्भ आणून देणारी मुलगी, सगळ्या बायकाच. प्रविण बाहेर बाकावर बसतो आणि नखं खातो. त्याचा आणि अनिताचा त्यात काडीचा संबंध नाही, तेव्हा ते किल्मिष मनातून काढून टाका.

बाईला आधी पाणी पाजून लघवी रोखून ठेवायला सांगतात, म्हणजे सोनोग्राफीत पिशवी स्पष्ट दिसते. त्रास म्हणाल तर तेवढाच. नळी आत गेली की पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकतो, कणीपेक्षाही बारीक. तो चमकला तशी किमया इतकी रडली की नर्सने तिला बाहेर जायला सांगितलं.

साच्याचं म्हणाल तर मीही डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, चेहरा बीजातून येतो. पिशवी बाळाला पोसते, घडवत नाही. मला ते भाताच्या आवणीवरून पटलं. जया भाताचं रोप राबातून उपटून दुसऱ्याच्या खाचरात लावलं म्हणून त्याला कोलम येत नाही.

आणि कुणाचं म्हणायचं, ते तर आपल्याला ठाऊकच आहे. लोक आपला पाट पाठवतात, पाटाखाली त्यांच्या घराण्याचं नाव असतं. हात आमचे, रंग आमचे, पण त्या पाटावर बसलेला गणपती त्यांचा. चतुर्थीला तो निघाला की आम्ही त्याला नमस्कार करतो, अडवत नाही. इथे कोर्टानेही आधीच लिहून दिलं आहे की बाळ किमया-प्रविणचं. यात पैसा नाही, कायद्यालाच चालत नाही. अनिताचा विमा तेवढा काढला आहे.

तिला कुणी लावलं नाही. तुम्ही तिला ओळखता. तिला मी साधी कारल्याची भाजी खायला लावू शकले नाही अजून.

राग मानला नाही. लोभ तुमचा तुम्ही तोलून घ्या, माझा न तोलता पाठवते आहे.

आपली,
इंदुबाई

अष्टमी
२० जून २०२५

सौ. इंदुबाईंस,
काशीबाईचा नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा शंका आली. तिसऱ्यांदा खात्री झाली.

अनिताला अजून गोळ्याच चालू आहेत, गर्भ ठेवायचा तो पुढे, असं तुम्ही लिहिता. मग पडद्यावर ठिपका चमकला तो कुठला? किमया रडली ती केव्हा? प्रविण बाकावर बसून नखं खातो हे तुम्ही कधी बघितलंत? जे अजून व्हायचंच आहे त्यात नर्सने किमयाला बाहेर कसं काढलं? विहीणबाई, हे सगळं एकदा होऊन गेलं आहे. शिमग्याला माझी पोरगी मूर्तींच्या घाईत नव्हती. आणि एप्रिलात माझ्या दारात आली ती काहीतरी गमावून आली. मी तिला तेल लावत होते आणि मला कुणी सांगितलं नाही.

पाटाचं तुम्ही छान लिहिलंत. आवणीचंही छान लिहिलंत. पण मातीला पान्हा फुटत नाही. खाचरातलं भात कापून नेलं तरी खाचर रात्री उठून बसत नाही. माझ्या पोरीला पान्हा फुटेल तेव्हा बाळ वडखळला किमयाच्या घरी असेल. मग त्या दुधाचं काय करायचं, ते तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंत का?

इथल्या आरोग्य केंद्रातल्या आशाताईंकडून मी चौकशी केली आहे. गर्भ आत ठेवीपर्यंत बाई केव्हाही नाही म्हणू शकते, कागदावर सह्या झाल्या असल्या तरी. तेव्हा जनूचा टेम्पो पुढच्या खेपेला मोकळा येईल त्यात मी बसून येते आणि तिला घेऊन जाते. तुमच्या घरात तिला विचारण्यात अर्थ नाही. माझ्या ओटीवर बसून ती काय बोलते ते मला ऐकायचं आहे.

लोभाचं नंतर बघू.

काशीबाई

पेण
२४ जून २०२५

ती. आईस,
अनिताचा शि. सा. न.

तुझं पत्र सासूबाईंनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः कारखान्यात जाऊन बसल्या. त्यांच्यावर रागावू नकोस. तुला सांगायचं नाही असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

हो, शिमग्याला एकदा झालं होतं. तुला सांगितलं असतं तर तू टेम्पोत बसून आली असतीस, आत्ता यायला निघालीस तशीच. मग तुझी समजूत घालण्यातच माझी सगळी ताकद गेली असती. म्हटलं राहिल्यावर सांगू, पोट दिसायला लागलं की तू ओरडशील आणि मग डिंकाचे लाडू करशील. पण ते राहिलंच नाही. रक्त तपासलं, त्यात काही नव्हतं. मग तुला सांगायचं तरी काय? जे धरलंच नाही ते गेलं म्हणून रडायचं कसं, हे मला कळेना. किमयाताईंना घरचे सगळे भेटून आले. माझ्याकडे कुणी आलं नाही. त्यांचं गेलं होतं ना. म्हणून तुझ्याकडे आले होते. तू तेल लावलंस, काही विचारलं नाहीस, तेवढ्यावर मी पुन्हा उभी राहिले.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे, तुला ठाऊक नसेल. पोटुशी बाई मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत नाही. शर्वी पोटात होती तेव्हा मला पहिल्या महिन्यापासून सासूबाईंनी ब्रश धरू दिला नव्हता. शिमग्याला मात्र मी आखणी केली. नाही केली असती तर कारखान्यातल्या बायकांना कळलं असतं, आणि त्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी रोह्याच्या बाजारात तुला कळलं असतं. ते राहिलं नाही तेव्हा मला वाटलं की त्या डोळ्यांमुळेच. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. मला वाटलं हसतील, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, आखणीने काही होत नाही, लघवीला गेल्याने गर्भ बाहेर येत नाही, हसल्या-शिंकल्याने पडत नाही. चांगला ठेवलेला गर्भही बऱ्याचदा धरत नाही, त्यात कुणाची चूक नसते. डोक्याला पटलं, पण हाताला अजून पटलेलं नाही. ब्रश धरला की तो दिवस आठवतो.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. सासूबाईंनी आणि किमयाताईंनी पुरे म्हटलं होतं. दुसऱ्यांदा करू या असं मी म्हटलं. एक गर्भ अजून ठेवलेला आहे, तोच शेवटचा. दर वेळी डॉक्टरीणबाई सगळ्यांना बाहेर घालवतात आणि मला एकटीला विचारतात, तुझी इच्छा आहे का, नसेल तर मी बाहेर सांगेन की तब्येत ठीक नाही, तुझं नाव येणार नाही. तुझ्यापेक्षा संशयी बाई मला तिथेच भेटली. मी हो म्हणाले ते त्या बंद खोलीत म्हणाले आहे.

का, ते एवढंच सांगते. किमयाताईंचं बाळ गेलं तेव्हा शर्वी माझ्या अंगावर पीत होती. ताई माहेरी इथेच होत्या. रोज दुपारी त्या मोरीचं दार लावून बसायच्या. पाण्याचा आवाज नाही, काही नाही. एकदा दार उघडं राहिलं आणि मी पाहिलं. काय पाहिलं ते लिहीत नाही. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर शर्वीला पाजताना मी पाठ करून बसायचे.

तू ये. पण मला न्यायला येऊ नकोस. माझ्याजवळ बसायला ये.

तुझी,
अनिता

अष्टमी
३ जुलै २०२५

चि. सौ. अनितास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते शिफ्टला निघाले होते, डबा इथेच विसरून गेले.

माझ्या भीतीने तू गप्प राहिलीस, हे मला लागलं. मी संशय घेते तो परक्यांचा घ्यायचा असतो म्हणून. तो तुझ्या घशात बसला असेल असं वाटलं नव्हतं. तुझं गेलं तेव्हा तुझ्याकडे कुणी आलं नाही असं लिहिलंस ना? मी आले असते गो. तांदळाची भाकर आणि कोलीम-सुकट घेऊन आले असते, आणि गेलं म्हणून तुझ्याबरोबर रडले असते. धरलं होतं की नव्हतं, ते डॉक्टरांनी बघावं.

संशय मात्र गेलेला नाही, सांगून ठेवते. माझ्या अटी सासूबाईंना वाचून दाखव. या खेपेला गोळ्या सुरू आहेत तेव्हापासूनच तू ब्रशला हात लावायचा नाहीस. मोसम असू दे, डोळे दुसऱ्या कुणाकडून आखून घेऊ देत. डॉक्टरीणबाई काहीही म्हणोत, तुझ्या हाताला पटत नाही ना, मग पुरे. गर्भ ठेवायच्या दिवशी मी पनवेलच्या दवाखान्यात येणार आणि त्या खोलीच्या दाराशी बसणार. आणि पान्ह्याचं मी विचारलं आहे त्याचं उत्तर मला तुझ्या सासूकडून नको, डॉक्टरकडून नको. ते किमयाकडून हवं. तिने पाट पाठवला आहे, तेव्हा मूर्ती नेताना कारखान्याच्या हातावर काय ठेवणार ते तिने सांगावं.

जिवाला जप. कारली खात जा, रक्ताला चांगली असतात.

तुझी आई

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

पेण
२० ऑगस्ट २०२५

सौ. काशीबाई विहीणबाईंस,
इंदुबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा रात्री तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, लिहून पाठवा मग खरं मानीन. घ्या, लिहून देते. रक्ताची तपासणी झाली. राहिलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच पेढे वाटू नका, ठोके दिसेपर्यंत थांबा. मी पेढे वाटले नाहीत, पण एक गुपचूप खाल्ला.

तुम्ही पनवेलला घातलेला गोंधळ इथे अजून गाजतो आहे. ती मुलगी गर्भाची बशी काढण्याआधी अनिताचं आणि किमयाचं नाव वाचत होती, आणि दाराबाहेरून तुमचा आवाज आला, "पुन्हा वाच गो." तिने पुन्हा वाचलं. तुम्ही म्हणालात, "तिसऱ्यांदा." मला वाटलं आता आपल्याला हाकलतात. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाच, बाई बरोबर सांगतात. खरं सांगते, मला त्यात आमच्या कारखान्याचीच रीत दिसली. पाटाखालचं नाव वाचल्याशिवाय आम्ही मूर्ती हलवत नाही. इतकी वर्षं तुमचा संशय मला काट्यासारखा टोचला. त्या दिवशी मात्र तो दाराशी बसलेला बघून धीर आला.

डोळ्यांची आखणी यंदा वाशीहून आलेल्या एका बाईकडून करून घेतली. हात बरा आहे, पण अनिताने आखलेल्या डोळ्यांत जी माया असते ती नाही. दोन गिऱ्हाइकांनी कुरकूर केली. मी म्हटलं, यंदा देव जरा कडक आहे, विहीणबाईंवर गेला आहे.

आता तुमचं उत्तर. किमयाला मी तुमची अट जुलैतच वाचून दाखवली होती. ती उठून गेली. मला वाटलं तिला राग आला. मी पुन्हा विचारलं नाही, आणि तुम्हालाही कळवलं नाही. परवा तपासणीचा निकाल आला, अनिता निजली होती, तेव्हा किमया माझ्यापाशी येऊन बसली. ती म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "आये, काशीमावशीला सांग, ते मला समजवायला नको. माझा पान्हा मी या मोरीत पिळून पाण्यात सोडलाय. रोज दुपारी. अनिताला मी ते एकटीला करू देणार नाय."

विहीणबाई, मी तिची आई. त्याच घरात होते. मोरीचं दार बंद बघून मला वाटायचं ती रडते आहे, रडू दे, मन हलकं होईल. आत काय चाललं होतं ते मला परवा कळलं. अनिताला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला तर न बघता कळलं.

यापुढे माझ्यावर संशय घेत चला. माझं लक्ष कमी पडतं तिथे तुमचं असू दे. एवढाच लोभ मागते.

आपली,
इंदुबाई

॥ श्री धावीर महाराज प्रसन्न ॥

अष्टमी, रोहा
३ सप्टेंबर २०२५

सौ. इंदुबाई विहीणबाईंस,
काशीबाईचा सा. न. वि. वि.

ठोके दिसले असं काल जावईबापूंनी फोनवर सांगितलं. फोनवरचं म्हणून अर्धंच खरं मानलं होतं. आज जनूने सोनोग्राफीच्या कागदाची झेरॉक्स आणून दिली. त्यात मला तरी काही दिसत नाही, पण नाव वाचलं. तीनदा.

आमचा गणपती तुमच्याकडचाच होता. डोळे खरंच कडक होते. आरतीला यंदा सगळे वेळेवर आले.

किमयाचं उत्तर पोचलं. ते वाचून मी मासळीची पाटी तशीच टाकून घरी आले, यावरून काय समजायचं ते समजा. तिला माझा आशीर्वाद सांगा.

आता बाळंतपणाचं बोलून घेऊ, नंतर वाद नको. बाळंतपण माहेरी व्हायचं अशी आपली रीत आहे. बाळ किमयाचं, म्हणजे तुम्ही म्हणाल पेणला. पण बाळंतीण माझी आहे, ती अष्टमीला येणार. इस्पितळातून सरळ. यावर तुम्ही मला कितीही पाट आणि खाचरं सांगा, मी ऐकणार नाही. फक्त तिला एकटीला पाठवू नका. किमयाला आणि बाळालाही पाठवा. माझ्या माजघरात दोन बाजा मावतात, मी माप घेऊन बघितलं आहे. मधे पाळणा बांधीन. बाळ किमयाच्या कुशीत निजेल, त्यात कुणी वाकडं बोलणार नाही. आणि माझ्या पोरीला पान्हा फुटला की पहिले काही दिवस दूध बाळाच्या तोंडी लागू दे. ते दूध या खेपेला मोरीत जायचं नाही. पुढे ते आटवायचं कसं ते मला येतं, तेव्हा किमया तिचा हात धरून बसेल. किमयाच्या वेळी तिच्याजवळ कुणी बसलं नव्हतं, म्हणून या खेपेला तिच्याजवळ मी बसेन.

तुम्हीही आलात तर या. ओटीवर निजावं लागेल.

मागे लिहिलं होतं की लोभ वाढवायचा की नाही ते उत्तर वाचून ठरवीन. ठरवलं आहे. वाढवा तुम्ही, मी मोजत नाही.

आपली,
काशीबाई